पट्टीमावशीची सोपी गाणी

दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत एकतीस वर्षं काढून मावशी निवृत्त झाली, तेव्हा तिला सगळे पट्टीमावशीच म्हणायचे. फुटलेले गुडघे, चेमटलेली बोटं, पोळलेले तळवे, अख्ख्या वस्तीतली पोरं तिच्या हाताखालून गेलेली. पुढे ती गाण्याच्या पट्टीत शिरली, तेव्हा नाव बदलायचेही कुणाला कष्ट पडले नाहीत.

झालं असं, की तिच्या धाकट्या भावाचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे कुणीतरी एक कराओकेचं मशीन दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत फिरकलंच नाही. दोन वर्षं वाट पाहून भावाने ते मागच्या खोलीत, जुन्या टीव्हींच्या मधे मांडलं. शाळा सुटली की आसपासची मुलं तिथे जमायला लागली. भाऊ वैतागला. इकडे मावशी रिकामपणी घरात बसून भावजयीच्या प्रत्येक फोडणीवर मत द्यायची, त्यामुळे भावजयही वैतागलेली. तिनेच सुचवलं, की ताईंना दुपारी दुकानात बसवा, मुलंही आवरतील. आपल्या फोडणीबद्दल मात्र ती अवाक्षर बोलली नाही.

मावशीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिले आठ दिवस ती नुसती ऐकत बसली. मुलं मोठ्या माणसांची गाजलेली गाणी निवडायची, अर्ध्यात पोचेपर्यंत मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या, आणि वरच्या सुराला असा काही आवाज निघायचा, की बाहेर भावाच्या हातातला पेचकस थांबायचा. न्यायला आलेले आईबाप टाळ्या वाजवायचे, पण मूल माइक ठेवताना खाली बघायचं. ते खाली बघणं मावशीच्या ओळखीचं होतं. आपलं काहीतरी फसलंय हे मुलाला सगळ्यात आधी कळतं.

श्वास मात्र तिला कळत होता. जखमेला चिकटलेली पट्टी ओढताना मुलं श्वास धरून ठेवतात आणि मग जास्त दुखतं, म्हणून ती त्यांना गाणं म्हणायला लावायची. तेव्हा कुठलंही मूल अवघड गाणं म्हणत नसे. जे तोंडात आपसूक येईल तेच म्हणायचं, आणि तेही आपल्याच पट्टीत. मावशीने तेच धरलं. नवीन मूल आलं की ती त्याला खिडकीशी उभं करायची आणि सांगायची, घरी आईला हाक मारतोस तशी मार. हाक गल्लीत गेली, की भावाने दिलेल्या खेळण्यातल्या पेटीवर एका बोटाने तो सूर शोधायचा, आणि मशीनवरचं पट्टीचं बटण त्याच्या आसपास आणून ठेवायचं. या हाकांमुळे दोन-तीनदा भलत्याच आया धावत आल्या, पण पद्धत बरोबर निघाली.

मग तिने वही घातली. काही गाणी दमाची, म्हणजे ओळ संपेपर्यंत श्वास घ्यायला जागाच नाही. काही उडीची, खालून एकदम वर. काही जिभेची, शब्दांत शब्द अडकणारी. या तिन्हींतलं काहीच नसलेलं गाणं सापडलं, की ते पहिल्या पानावर. तिथे सगळ्यात वर होतं हत्तीचं गाणं. सगळे मिळून पाच सूर, तेच शब्द फिरून फिरून येणारे, आणि प्रत्येक ओळीनंतर हत्ती चार पावलं चालायचा, तेवढ्यात मुलाने श्वास घ्यावा, हवं तर नाक खाजवावं. पोस्टमनचा नातू सगळं एकाच सुरात म्हणायचा. त्याला तिने आगगाडीचं गाणं शोधून दिलं, ज्यात डबे मोजायचा भाग पूर्ण एकाच सुरावर चालतो. तो भाग त्याने असा काही ठणठणीत म्हटला, की पोस्टमन टोपी काढून दारातच बसला. घरी जाताना नातवाने रस्त्यावरची सगळी वाहनं मोजली, गाऊन.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मावशीला थोडा ताठाही आला होता. अशात शेजारच्या दुकानातला शिंपी आपल्या मुलीला घेऊन आला. शिंप्याच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे तो ओठ न उघडता बोलायचा आणि लोकांना अर्धंच कळायचं. एवढं कळलं, की शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होणार आहेत, निरोपाच्या कार्यक्रमात मुलगी गाणार आहे, तिला एखादं चांगलं गाणं बसवून द्या. मुलगी अकरा वर्षांची, चष्म्याची, हाडकुळी. हाक मारायला सांगितली तर तिने वडलांना हाक मारली, तेही शेजारीच उभे असताना. आवाज गोड होता पण बारीक. मावशीने वहीचं पहिलं पान उघडलं आणि हत्ती लावला.

मुलीने हत्तीचं गाणं पहिल्याच झटक्यात, एकही सूर न चुकवता म्हटलं. मग माइक जागेवर ठेवला, थँक्यू म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला.

मावशीने उशीचा उसवलेला अभ्रा शोधून काढला आणि शिंप्याकडे गेली. अभ्रा हातात घेऊन शिंप्याने त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"ताई, ती म्हणते मावशी मला बाळ समजल्या," तो म्हणाला. "मी म्हटलं, अगं, चांगलं तर म्हटलंस. तर म्हणाली, तेच तर."

मुलगी आत कापडाच्या ठाणांमागे गृहपाठ करत बसली होती. मावशी तिच्यासमोर खाली बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण बसली. विचारायला आठ दिवस उशीर झालेला प्रश्न तिने विचारला, तुला कुठलं म्हणायचं होतं?

मुलीने वहीतून मान वर न करता गाण्याचं नाव सांगितलं. मावशीच्या वहीत ते शेवटच्या पानावर होतं: दमाचं, उडीचं आणि जिभेचं, तिन्ही. मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना ते गुणगुणायच्या. त्यांना वाटायचं, कुणाला ऐकू जात नाही. पण वर्गात खिडकीशी बसणाऱ्या या मुलीला चार वर्षं ते ऐकू येत होतं.

"वरच्या जागी तुझा आवाज फाटेल गं," मावशी म्हणाली.

"माहितीये. घरी फाटतोच की."

"आणि तिथे सगळ्यांसमोर फाटला तर?"

"तर फाटेल. पण हत्तीचं म्हटलं तर बाईंना काय कळणार, मी ऐकत होते ते?"

मावशी कापडाच्या ठाणाला टेकली. एकतीस वर्षं तिने मुलांचं दुखणं कमी करायचं काम केलं होतं. थोडं दुखलं तरी चालेल असं म्हणणारं मूल तिच्याकडे आलंच नव्हतं. किंवा आलं असेल, तिने विचारलं नसेल. ती म्हणाली, "उद्यापासून ये."

मग दोघी त्या गाण्याच्या मागे हात धुऊन लागल्या. पट्टी चार घरं खाली आणली, तर वरचा सूर मिळाला, पण सुरुवात विहिरीतून बोलल्यासारखी येऊ लागली. दोन घरं खाली ठेवली, तर सुरुवात छान आणि वरची उडी पुन्हा अवघड. शेवटी दोनच ठेवली. लांब ओळींत श्वास कुठे चोरायचा ते मावशीने ठरवलं, आणि कागदावर त्या जागी पेन्सिलने छोटी पट्टी काढली, जखमेवर लावतात तशी. जिभेच्या जागा मुलीने दात घासताना घोकल्या. तिसरं कडवं सोडून द्यायचं ठरलं. त्यावर दोघींचं दोन दिवस भांडण झालं आणि मावशी जिंकली. उडीचं मात्र काही केल्या जमेना. दहा वेळा म्हटलं तर तीनदा लागायची. भाऊ बाहेरून म्हणायचा, ताई, आता ही उडी मलासुद्धा पाठ झालीये.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या सभागृहात मावशी तिसऱ्या रांगेत बसली, शिंपी तिच्या बाजूला, आज टाचण्यांशिवाय, त्यामुळे ओठांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. दुकानातून आणलेल्या मशीनवर संगीत सुरू झालं आणि पहिल्या ओळीलाच मोठ्या बाईंची मान वर आली. मुलगी बारीक पण सरळ आवाजात गात होती. श्वासाच्या जागा बरोबर येत गेल्या. मावशी मांडीवर बोटं मोजत होती. उडी जवळ आली तशी तिने शिंप्याचा हात धरला, का ते शिंप्याला कळलं नाही, पण त्यानेही घट्ट धरला.

वाद्यं वर गेली. मुलगी वर गेलीच नाही. ती हळूच खालच्या सुरावर उतरली, ओळ तिथूनच पुरी केली आणि पुढच्या शब्दाला येऊन मिळाली. वाद्यं वर, ती खाली, आणि दोन्ही एकमेकांना शोभत होतं. सभागृहात कुणाला काही वेगळं झाल्याचं कळलंही नाही. मावशीला कळलं, आणि ती भर कार्यक्रमात मोठ्याने हसली. पुढच्या रांगेतल्या एक-दोघींनी वळून पाहिलं.

गाणं संपलं तेव्हा मोठ्या बाई उठून मुलीपाशी गेल्या आणि तिच्या कानात काहीतरी बोलल्या. ते काय होतं, हे मुलीने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मावशीलासुद्धा नाही. बाहेर आल्यावर मावशीने तिला बाजूला घेऊन विचारलं, ती खालची जागा तुला कुणी शिकवली?

"कुणी नाही. काल रात्री झोपताना सुचली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वहीत लिहिली असती आणि सगळ्यांना दिली असती," ती म्हणाली. "ती माझी आहे."

मावशीने ते मान्य केलं. वहीत तिने ती जागा खरंच लिहिली नाही. हल्ली नवीन मूल आलं, की खिडकीशी नेऊन हाक मारायला लावायच्या आधी ती त्याला विचारते, बाळा, तुला कुठलं म्हणायचंय? बहुतेक मुलं खांदे उडवतात आणि हत्तीवर खूश होतात. एखादं मूल भलतंच काहीतरी सांगतं. तेव्हा मावशी शेजारच्या दुकानाकडे तोंड करून शिंप्याच्या मुलीला हाक मारते, कारण अवघड गाणी आता तिच्याकडे आहेत, आणि ती मावशीपेक्षा जास्त कडक आहे.