बांधीचा तळ

खड्ड्यात उतरले की भाऊ आधी खुरप्याच्या मुठीने खड्ड्याची भिंत ठोकत. वरून खाली, बोट-बोट अंतराने, कान मातीजवळ नेऊन. ठोकता ठोकता एका जागी थांबत आणि म्हणत, "इथी. इथी आवाज बदलते." त्या जागेला टेप लावायचा आणि आकडा लिहायचा. अठरा सेंटिमीटर. सतरा. कधी एकवीस.

हे मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्याच चुकीमुळे.

देशभरातल्या मातीची पाहणी चालू होती. ठरलेल्या जागी खड्डा घ्यायचा, थर मोजायचे, नमुने पिशव्यांत भरायचे आणि सगळी माहिती एकाच संगणकीय नोंदवहीत चढवायची, म्हणजे कोणत्याही शेतकऱ्याला आपल्या मोबाइलवर आपली माती पाहता येईल. सावली तालुक्याच्या नोंदी चढवण्याचे काम माझ्याकडे, चंद्रपूरच्या कचेरीत. मी मूळची सोलापूरकडची. माती मला पिशवीवरच्या क्रमांकाने माहीत होती.

भाऊ हे खड्डे खणणारे. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'मजूर' एवढेच लिहिलेले, पण आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. दर शनिवारी नमुन्यांच्या पिशव्या आणि पाहणीच्या चिठ्ठ्या घेऊन ते बसने येत. "जय भीम, बाई," म्हणून पिशव्या माझ्या टेबलाशेजारी ओळीने मांडत. मी त्या मोजायची. मग पुन्हा मोजायची. ते शांतपणे बघत आणि म्हणत, "मोजा, मोजा. मोजल्याबिगर तुम्हाले जेवण जात नाई."

एकदा मी विचारले, ही माती कोणत्या प्रकारची? त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतली, माझ्या बाटलीतले चार थेंब टाकले, मळून वळी केली. वळी थोडी लांबली आणि तुटली. "सिहार," ते म्हणाले. "धानाले चांगली. कन्हार असती तं तुटली नसती." मी पडद्यावरची यादी पाहिली. त्यात सिहार नव्हते, कन्हारही नव्हते. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले. "काऊन बाई, सगळ्या देशाची माती आहे त्यात, अन् आमची नाई?" मी 'शेरा' या रकान्यात सिहार लिहिले. तेव्हापासून ते प्रत्येक पिशवीमागे विचारत, "शेऱ्यात टाकली ना?"

त्यांच्या गावातले खड्डे त्यांनी विशेष मन लावून घेतले होते. सदतीस. गावभर सांगून ठेवले होते की आपल्या बांध्या आता मोबाइलमध्ये दिसतील. पारावरची मंडळी त्यांची थट्टा करीत. "भाऊ, तुही माती दिल्लीले चालली. तू कवा जाशीन?" त्यावर ते म्हणत की माती गेली म्हणजे मीच गेलो. हे सगळे त्यांनीच मला सांगितले, हसत. पण गावाला दिलेला शब्द त्यांनी हसण्यावारी नेलेला नव्हता.

त्या सदतीस चिठ्ठ्यांवर 'जागा' या शब्दापुढे 'बांधी' असे लिहिले होते. संगणकाच्या यादीत पर्याय होते: शेत, बांध, पडीक, जंगल. मला वाटले, लिहिणाऱ्याकडून एक वेलांटी जास्त पडली. शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केल्याच्या समाधानात मी सदतीसही वेळा 'बांध' निवडले. दोनदा तपासले. एकही सुटला नव्हता.

एप्रिलमध्ये वरून उत्तर आले. बांधावरची माती उचलून टाकलेली असते, तिचा नमुना नियमात बसत नाही. सबब सदतीस नमुने रद्द. महिनाअखेरीला नोंदवही बंद होणार होती. नकाशावर त्यांच्या गावाच्या जागी पांढरा ठिपका राहणार होता.

शनिवारी मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "बांधावर कोनी धान लावते का, बाई?"

तेव्हा मला कळले की इकडे बांधी म्हणजे भाताचे खाचर. चूक माझी आहे हे मी सांगितले. ओरडले असते तर बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "एका वेलांटीनं तुम्ही सारा गाव बांधावर चढवला."

मी वर कळवले. पुरावा मागितला गेला, आणि तो रास्तच होता. उपग्रहावरून घेतलेल्या जागेत चार-पाच मीटरचा फरक पडतो. बांध हातभर रुंदीचा. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. सदतीस खड्डे पुन्हा घ्यायचे तर महिनाअखेरीपर्यंत होण्यासारखे नव्हते.

"तुम्ही एकदा खाली उतरून पाहा," पुढच्या शनिवारी भाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. त्यांनी आपल्याच बांधीत एक खड्डा पुन्हा उकरून ठेवला होता. साडी खोचून मी उतरले. त्यांनी खुरप्याच्या मुठीने भिंत ठोकली. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि मग एकदम भरीव.

"वर्षानुवर्षं चिखल करून खालची माती दबते," ते म्हणाले. "पानी तिच्यावर थांबते. हा बांधीचा तळ. बांधाले तळ नसते, बाई."

सोमवारी मी चिठ्ठ्या काढल्या. 'कडक थराची खोली' हा रकाना सदतीसही चिठ्ठ्यांत भरलेला होता. पंधरापासून एकवीसपर्यंत. एकही कोरा नाही. पुरावा माझ्याच कपाटात होता आणि तो त्यांनी ठोकून ठोकून जमा केलेला होता. मी तक्ता करून पाठवला. अकराव्या दिवशी नमुने मान्य झाले. शिवाय यादीत 'बांधी' हा पर्याय वाढवला गेला, 'स्थानिक नाव' असा रकानाही आला, आणि बांधीची व्याख्या कळवा असे पत्र आले.

मी तीन ओळींची व्याख्या तयार केली आणि त्यांना वाचून दाखवली. त्यांना ती लांब वाटली. म्हणाले, "धान जिथी उभा राह्यते ते बांधी. मानूस जिथी उभा राह्यते तो बांध."

मी माझ्या तीन ओळी खोडल्या. नोंदवहीच्या शब्दसूचीत आज त्यांचेच वाक्य आहे, फक्त प्रमाण भाषेत.

नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला तेव्हा त्यांनी पारावर जाऊन सगळ्यांना एकाच मोबाइलवर आपापली बांधी दाखवली. थट्टा करणारा सगळ्यांत पुढे होता. त्याची माती मोरांड जातीची निघाली. ती त्याला आधीच ठाऊक होती, तरी त्याने दोनदा पाहिली म्हणे.

पुढच्या हंगामाला ते आले नाहीत. गुडघे गेले. आता राजुऱ्याला लेकीकडे असतात. मी मात्र तेव्हापासून महिन्यातून चार दिवस तरी खड्ड्यात उतरते. फोन केला की ते तब्येतीचे सांगत नाहीत, विचारतात, "आकडा किती आला?"

या जानेवारीत सिंदेवाहीजवळच्या एका बांधीत मी पहिल्यांदाच स्वतः भिंत ठोकली. पहिल्या खेपेला काहीच कळले नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्यांदा कान अगदी मातीला लावला, आणि आवाज बदलला.

"इथी," मी म्हणाले आणि भाऊंना दाखवायला म्हणून वर पाहिले. बांधावर कोणी उभे नव्हते.

टेप लावला. एकोणीस. संध्याकाळी भाऊंना फोन करून सांगायला म्हणून आकडा तळहातावरही लिहून ठेवला.