भागिरथीच्या दहा फेऱ्या

आसाराम आयुष्यात कधी स्टेजवर चढला नाही, तरी आमच्या तमाशाचा पहिला प्रवेश त्याचाच असायचा. फड गावात पोचायच्या आदल्या दिवशी तो मोटारसायकलवरून पुढं जाऊन वर्दी द्यायचा. वेशीत माणसं दिसली की गाडी हळू करायची, खणखणीत आरोळी ठोकायची आणि डावा हात सदऱ्यात घालून हँडबिलं उधळायची. आवाज असा होता त्याचा, की कर्ण्याची गरज पडली नाही.

हँडबिलं सदऱ्यात ठेवायची रीत त्याची स्वतःची. हिवाळ्यात गाडीवर वारा छातीला लागतो, म्हणून शंभर-दोनशे कागदांचा गठ्ठा तो आत कोंबायचा. गावागणिक गठ्ठा कमी व्हायचा आणि थंडी वाढायची. "शेवटच्या गावाला मी कुडकुडत जातो, मावशी," तो मला सांगायचा. मावशी म्हणजे मीच. गवळणीत मी मावशीचं सोंग करायचो, त्यामुळे अख्खा फड मला त्याच नावानं हाक मारायचा. माझं रंभाजी हे नाव रेशनकार्डावर तेवढं होतं.

गाडी लष्कराच्या लिलावातली, मोठ्या लढाईच्या काळातली, विलायती. आसारामनं तिचं नाव भागिरथी ठेवलं होतं. रोज सकाळी तिची टाकी पुसायचा आणि तिच्याशी बोलायचा. सगळं छान होतं, फक्त तिचा एक हट्ट होता. तापलेली असताना बंद केली, की मग अर्धा तास कितीही किका मारा, उठायची नाही.

एकाहत्तर सालच्या जानेवारीतली गोष्ट. त्या खेपेला आसाराम आदल्या दिवशी न जाता फडाच्याच दिवशी निघाला, देवळाली प्रवऱ्याच्या वाटेवर भागिरथी पुन्हापुन्हा अशीच रुसली आणि फड पोचल्यावर दोन तासांनी आसाराम गावात आला. गावाला पत्ताच नव्हता. तंबूत चाळीस माणसं आणि तीन कुत्री. आमच्या मालकीण विजयमालाबाई त्या चाळीस माणसांसमोर पुरी रात्र नाचल्या, कारण कमी माणसं बघून हात आखडणं त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी मात्र त्यांनी आसारामला बोलावलं.

"जामखेडचा भंगारवाला येत्या सोमवारी येतोय," त्या म्हणाल्या. "गाडी त्याला द्यायची. तू आता दारावर तिकिटं फाड."

तिकिटं फाडणारा माणूस एका जागी बसतो, आणि एका जागी बसलेला आसाराम आम्ही कुणी पाहिलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी आमचा तळ नगरजवळ होता. आसाराम पोस्टरं चिकटवायला गेला आणि धापा टाकत परत आला. गावाबाहेरच्या माळावर लढाईतली विमानांची धावपट्टी पडून होती. तिथं चुन्याच्या रेघा मारून मोटारसायकली पळवायचा रस्ता आखत होते. पुण्याच्या हौशी लोकांनी ठरवलं होतं, की रविवारी ज्याची त्याची गाडी घेऊन यावं, समोरून बैलगाडी येईल ही धास्ती न ठेवता हवी तेवढी पळवावी. सगळी व्यवस्था राहात्याच्या सुभेदारांकडे. निवृत्त लष्करी माणूस, ताठ मिशा.

"बाई," आसाराम म्हणाला, "दहा फेऱ्या हायेत. जाऊन येऊन दीड मैलाची एक. भागिरथीनं दहा पुऱ्या केल्या तर ठेवायची. न्हाई केल्या तर मी स्वतः तिला भंगारात नेऊन घालतो."

बाईंनी पानाला चुना लावला. "दहा म्हंजे दहा. साडेनऊ न्हाई चालायच्या."

रविवारी दुपारी सगळा फड माळावर. ढोलकीवाला पुंजाराम गळ्यात ढोलकी अडकवूनच आला. ती सोडून तो कुठं जायचाच नाही. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांची माणसं वळणावर दाटली होती. वळणांना कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या, घसरला तर माणूस मऊ जागी पडावा म्हणून. पुण्याच्या चकचकीत गाड्या रांगेत उभ्या, आणि त्यांच्या शेवटी आमची भागिरथी, लग्नाला आलेल्या लांबच्या आत्यासारखी.

सुभेदारांनी तिच्याभोवती फेरी मारली. आरसा काढायला लावला, मागची जाळी काढायला लावली, दिव्याच्या काचेवर पट्ट्या चिकटवल्या. मग रबरी भोंपूला हात घातला.

"हा पण काढायचा?" आसारामचा चेहरा पडला. "मग वळणावर वाजवू काय?"

"काही वाजवायचं नाही. समोरून कुणी येत नाही. दोन्ही हात हँडलवर आणि नजर पुढं. लोकांकडं बघायचं नाही. कळलं?"

"लोकांकडं बघायचं न्हाई," आसारामनं पाठ म्हटल्यासारखं म्हटलं. पंचवीस वर्षं लोकांकडं बघायचाच त्याचा धंदा होता.

कुणीतरी त्याला शिरस्त्राण दिलं. ते ढिलं होत होतं म्हणून त्यानं खाली पटका गुंडाळला. निशाण पडलं. भागिरथी धडधडत निघाली. पहिल्या वळणावर तो बैलगाडी चुकवतो तसा पार बाहेरून गेला आणि सगळे त्याला आतून मागं टाकून गेले. दुसऱ्या फेरीला त्यानं पुण्याच्या एका दाढीवाल्या इंजिनियरचा माग धरला. तो जिथं वळेल तिथं हा वळायचा, तो जिथं वाकेल तिथं हा वाकायचा. चौथ्या फेरीला सरळ पट्टीवर भागिरथीनं असा सूर धरला, की पुंजारामची बोटं आपोआप ढोलकीवर पडायला लागली. तसा तिचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिला तो काढायची संधीच मिळाली नव्हती. सहाव्या फेरीला आसारामनं एकाला मागं टाकलं. सातव्या फेरीला इंजिनियरही मागं पडला, आणि फडातल्या बायका पदर हलवत उड्या मारायला लागल्या. बाई मात्र ट्रंकेवर बसून बोटं मोजत होत्या.

"आठ," त्या म्हणाल्या.

नववी फेरी संपता संपता तो गर्दीच्या वळणावर आला आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं आसाराम, आज वग कंचा हाय?"

मी डोळ्यांनी पाहिलं. गाडी हळू झाली. मान गर्दीकडं वळली. डावा हात हँडल सोडून सदऱ्यात गेला आणि हँडबिलांचा अख्खा गठ्ठा माळाच्या वाऱ्यावर उधळला.

मागून येणाऱ्या इंजिनियरच्या गॉगलवर विजयमालाबाईंचा फोटो येऊन चिकटला. तो सरळ कडब्यात घुसला. सुभेदारांनी लाल निशाण फडकवलं. गाड्या जिथल्या तिथं थांबल्या. आसारामही थांबला, आणि लाल निशाण म्हणजे इंजिन बंद हे सकाळीच बजावलेलं असल्यामुळे त्यानं भागिरथी बंद केली.

मग त्याला कळलं आपण काय केलं ते.

इंजिनियर पेंढ्यांतून उठला. दाढीत कडबा, हातात हँडबिल. लागलं कुठंच नव्हतं. सुभेदारांच्या मिशा थरथरत होत्या. "हात का सोडलास?"

"लोक दिसले, साहेब."

"चार वाजता पट्टी रिकामी करून द्यायची आहे मला. वीस मिनिटं उरली. एकूणएक कागद उचल. मग बघू."

आसाराम वाकून कागद वेचायला लागला. ते पाहून गर्दी आत आली, फड धावला, इंजिनियरसुद्धा वाकला. दहा मिनिटांत पट्टी साफ. नववी पुरी धरून राहिलेली एक फेरी आसारामला एकट्याला मारू द्यायला सुभेदार तयार झाले, पण घड्याळ हातात धरून. आसारामनं किक मारली. भागिरथी गप्प. दुसरी मारली. गप्प. तिचा तो जुना हट्ट.

"ओला फडका," तो म्हणाला. "पेट्रोलच्या नळीवर ठेवला तर उठंल."

माळावर पाणी कुठलं. चहावाल्याची किटलीही रिकामी. माझं लक्ष बाईंकडं गेलं. त्यांच्या मांडीवर त्यांचा फिरकीचा तांब्या होता. गळ्यासाठी त्या तो कायम जवळ ठेवायच्या आणि फडातल्या कुणालाही त्यातला घोट मिळायचा नाही. मी फार तर दोनदा मागितला होता, दोन्ही वेळा शिवी मिळाली होती.

बाई ट्रंकेवरून उठल्या. चालत गाडीपाशी गेल्या. आसारामच्या शिरस्त्राणाखालचा पटका ओढून काढला, त्यावर तांब्या उपडा केला आणि भिजलेला पटका त्याच्या हातात दिला.

"बांध," त्या म्हणाल्या. "आणि रडू नगंस, नळी दिसंना व्हईल."

चार मिनिटं उरली तेव्हा त्यानं परत किका मारायला सुरुवात केली. पुंजारामनं प्रत्येक किकेला थाप दिली. एक. दोन. तीन. गर्दी मोजायला लागली. सातव्या थापेला भागिरथी खोकली, आठव्याला उठली.

दहावी फेरी मी अजून डोळे मिटून बघतो. रिकामी पट्टी, तिरकं ऊन आणि पटक्याविना डुगडुगणारं ते शिरस्त्राण. पहिल्या वळणावर तो सुरेख वाकला. मग गर्दीचं वळण आलं. दोन्ही हात हँडलवर, नजर पुढं, गाडी जराही हळू नाही, आणि त्या वेगातच आसारामनं आरोळी ठोकली : "ऐका हो मंडळी, आज रात्री, विजयमालाबाईंचा फड, वग नवाकोरा, बायामाणसांना बसायची वेगळी सोय..."

बाकीचं वारा घेऊन गेला. सुभेदारांनी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं निशाण खाली केलं. तोंड बंद ठेवायचा नियम त्यांनी सांगितलाच नव्हता.

"दहा," बाई म्हणाल्या, आणि उरलेलं बोट मिटलं.

इंजिनियरनं हातातलं हँडबिल उलटसुलट करून पाहिलं. "हे किती वाजता सुरू होतं हो?" त्यानं मला विचारलं.

सोमवारी भंगारवाला जामखेडहून आला. बाईंनी त्याला चहा पाजला, दोन फुटक्या बत्त्या आणि एक गंजलेली ट्रंक दिली. तो गाडीकडं बघायला लागला तेव्हा आसाराम तिथं नव्हताच. भागिरथीला घेऊन तो पहाटेच पुढच्या गावी गेला होता, सदऱ्यात गठ्ठा आणि मागच्या जाळीला बाईंनी दिलेला पाण्याचा तांब्या बांधून.