लवंगेचा वास

"वास घे तुझ्या बापाच्या तोंडाचा," डॉक्टर म्हणाला. "आणि खरं सांग, बिडीचा येतोय की नाही."

मी दहा वर्षांची. चौथीत. वणीच्या त्या दवाखान्यात खुर्च्या होत्या, पण आमच्यासाठी नव्हत्या. कोळशाच्या क्रशरवरचे वीस-पंचवीस माणसं भिंतीले लागून उभे होते, अन् पायाखाली पेपर अंथरले होते. फरशी काळी होते म्हणे. अरे, माणसं आंघोळ करून आलते! धुतलेल्या पायाखाली पेपर!

क्रशरवर वर्षातून एकदा मेडिकल होये. मेडिकल म्हणजे डॉक्टरचा शिक्का. 'फिट' असा शिक्का बसला तर दुसऱ्या दिवशी गेट उघडं, नाई तर बसा घरी. म्हणून आमच्या तांड्यातले बाप आदल्या दिवशी अंग घासघासून धुवत, लग्नातला पांढरा शर्ट पेटीतून काढत, अन् दवाखान्यात शिरायच्या आधी दोन-दोन लवंगा दाढेखाली ठेवत. लवंगेनं खोकला दबते. डॉक्टरसमोर खोकला निघाला की खेळ खल्लास. माझा बाप चार ठेवे. त्याले अक्षर येत नव्हतं, म्हणून फारम वाचायले मले सोबत नेलं होतं.

आमचे बापच आपला रोग धुऊन, दाबून डॉक्टरपुढं नेत होते. हे मले लय उशिरा समजलं.

त्या दिवशी चार लवंगा ठेवूनबी खोकला निघालाच. डॉक्टरनं छातीले नळी लावली नाई. खुर्चीतून उठलासुद्धा नाई.

"बिडी किती पितोस?"

"साहेब, मी बिडी नाई पीत. हातबी नाई लावत."

"मग लवंग कशाला? वास लपवायला ना? तुम्हा लोकांना मी काय आज ओळखतो?"

अन् मंग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं.

मले वाकावं लागलं नाई. बाप वाकला. त्यानं आपलं तोंड माझ्या नाकाजवळ आणलं. लवंगेचा वास आला. नुसता लवंगेचा. बाप माझ्याकडं पाहून राह्यला होता. डॉक्टरबी. कंपाउंडरबी.

"शाळेत जातेस ना?" डॉक्टर म्हणाला. "शाळेतली मुलं खोटं बोलत नाहीत."

मी म्हणलं, "बिडीचा येते."

काहून म्हणलं? मले वाटलं, याले हेच ऐकायचं आहे. हे सांगतलं की आमाले सोडन. सारा दवाखाना हासला. डॉक्टरनं कार्डावर लिवलं, व्यसन बिडी. बिडीचा खोकला म्हणजे कामाचा रोग नाई, म्हणून मंग शिक्का मारला, फिट. बापाले ते मीच वाचून दाखवलं.

परतीच्या बसच्या खिडकीतून बापानं लवंगा थुकल्या, अन् मारेगाव येईपर्यंत खोकलत राह्यला.

मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाले होती तवा तो गेला. शेवटी शेवटी दोन पावलं चालला की भिंत धरे. शेवटच्या कागदावर काय लिवलं होतं? बिडीच्या व्यसनामुळं फुफ्फुस निकामी. जुन्या कार्डावरून उतरवलं होतं. जिंदगीत एक बिडी न ओढलेला माणूस! माझी याडी, माझी माय, म्हणाली, "पोरी, तू डॉक्टर होऊन राह्यली. हे तरी खोडून टाक."

कशी खोडू? पैली साक्ष माझीच होती.

साडेपाच वर्षं मले हाडं शिकवले, नसा शिकवल्या, औषधाचे नावं घोकून घेतले. रोग्याले 'तुम्ही काम काय करता' हे इचारायचं असते, हे कोणी धड शिकवलं नाई. म्हणून मंग मी कामगारांच्या आजारांचा, कारखान्यातल्या आरोग्याचा कोर्स घेतला. सोबतच्या डॉक्टरीण बाया हासल्या. "एवढी हुशार, अन् धुळीची डॉक्टर होणार?" हो, धुळीचीच. तुमच्या बापायनं ती कधी खाल्ली नाई, माझ्या बापानं खाल्ली. पैल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनं फळ्यावर तोच एक प्रश्न लिवला, काम काय करता? मी तो वहीत उतरवला, अन् बाहेर जाऊन रडली. रागानं रडली. एवढा सोपा प्रश्न होता!

कोर्समध्येच क्रशरवरच्या कामगारांची तपासणी करायची होती. आमी तिघं शिकाऊ डॉक्टर वणीले गेलो. अन् तिथं शिकवायले कोण आला? तोच. केस पांढरे झालते, खुर्चीत रेलून बसायची ढब तीच.

"पटापट उरका," तो म्हणाला. "जेवायच्या आत सगळे झाले पाहिजेत."

पैलाच माणूस फुलसावंगीकडचा. पांढरा शर्ट. गालात काहीतरी दाबलेलं. शर्टाची गुंडी काढता काढता त्याले ठसका लागला.

"लिहा," डॉक्टर मले म्हणाला. "व्यसन, बिडी."

"नाई लिवत, सर."

"म्हणजे?"

मी त्या माणसाकडं वळली. "दादा, काम काय करता?"

"चाळणीवर हाय, मॅडम. कोळसा चाळतो."

"किती वर्षं?"

"झाले चौदा."

"अन् लवंग काहून ठेवली?" तो घाबरला. मी म्हणलं, "खोकला दाबाले ना? माझा बापबी ठेवे." त्यानं खाली मान घालून हो म्हणलं.

"मॅडम, तुम्ही याची रोजी घालवताय," डॉक्टर म्हणाला.

"सर, तुम्ही वास घ्या."

"काय?"

"याच्या तोंडाचा वास घ्या. अन् खरं सांगा, बिडीचा येते का."

माझे दोघं सोबती आपापले बूट पाहून राह्यले होते. डॉक्टर लालेलाल झाला. "ही कुठली बोलायची पद्धत?"

"तुमचीच. एकवीस वर्षांआधी तुम्ही चौथीतल्या एका पोरीले बापाच्या तोंडाचा वास घ्यायले लावला होता."

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. खरोखर आठवून पाह्यलं त्यानं. मंग म्हणाला, "मला नाही आठवत."

वा रे वा! माझा बाप गेला, अन् तुले आठवतबी नाई?

मी माझ्या हातानं लिवलं. व्यसन नाई. काम, कोळशाची चाळणी, चौदा वर्षं. लवंग, खोकला दाबण्यासाठी. छातीचा फोटो काढा. तोवर धुळीतून हलवा, कामावरून काढू नका. खाली माझी सही, माझा नोंदणी क्रमांक. फोटोत धूळ दिसली. असा रोग कारखाना निरीक्षकाले कळवणं डॉक्टरवर कायद्यानंच बंधनकारक आहे. मी कळवलं, अन् चौकशी लागली.

आता सुट्टी भेटली की मी तांड्या-तांड्यानं फिरते म्हणा, हिंडते म्हणा, तेच करून राह्यली. घरोघरी पेटीत रेशनकार्डाखाली ते जुने कार्डं जपून ठेवले आहेत. साऱ्यावर 'बिडी'. साऱ्यावर 'फिट'. साऱ्याखाली त्याची सही. माझी थैली भरत आली.

लोक म्हणतात, म्हातारा झाला तो, जाऊ द्या. कायले जाऊ देऊ? देव त्याले लंबी उमर देवो. चौकशीत हे कार्डं वाचले जातीन तवा तो समोर उभा पायजे मले, पायाखाली पेपर अंथरून. पैलं कार्ड माझ्या बापाचं राहीन. अन् त्यावरची खोटी साक्ष माझी होती, हेबी मीच सांगीन. साऱ्यायसमोर. त्याच्या तोंडावर.