जयवंतचा अंगठा

जयवंतची रेस मी घालवली होती.

परवा तो गेला. हार्ट अटॅक.
ही गोष्ट त्याला सांगायची राहिली, म्हणून आज इथे लिहितोय.

नव्वदीतली गोष्ट. मी नववीत शाळा सोडून तारापूरच्या एका कारखान्यात हेल्पर होतो. जयवंत माझा दोस्त, मच्छीमाराच्या घरातला. मासळीची टोपली कॅरियरला बांधून किनाऱ्याच्या वाळूवरून सायकल हाणायचा.

आमची सायकल त्या वाळूत दहा पावलांत रुतायची. त्याची कधीच नाही.

वाळू लागली की तो उतरायचा. व्हॉल्व्ह सैल करून हवा सोडायचा, टायर अंगठ्याने दाबून बघायचा. डांबर आलं की परत पंप.

"वाळूवर टायर पसरला पायजे रे. कडक टायर म्हंजे सुरी, कापतच जातो."

त्या वर्षी सायकलची रेस ठरली. बोईसरहून पाम गावापर्यंत रस्ता, मग शेताचे बांध, खाडीच्या चिखलात सायकल खांद्यावर, आणि शेवटी किनारा. पहिले दोघे ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होते.
वर्षभर जयवंतच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

टायर त्यानेच निवडले. मागे खोल नक्षीचा नवा, पुढे घासून गुळगुळीत झालेला जुना.

मी म्हटलं, "दोन्ही नवे घाल ना."
"पुढच्या नक्षीत चिखल भरंल, बांधावर चाक जड होईल. तू नुसता टेन्शन घे. त्यात तू पयला येशील."

रेसमध्ये उतरून हवा सोडायला वेळ मिळणार नव्हता, म्हणून सकाळीच त्याने वाळूच्या हिशोबाने हवा ठेवली आणि दोन्ही टायर दाबून बघितले. "हां. आता कोणी हात नाय लावायचा."
आणि चहा प्यायला गेला.

मी सायकलजवळ एकटा.
दाबून पाहिलं. मला फारच मऊ लागले. डोक्यात एकच: रस्त्यावरच्या खडीवर रिम आपटेल, ट्यूब कापली जाईल, पंक्चर होईल, त्याचं वर्ष फुकट जाईल.

मी पंप काढला.
पुढे बारा, मागे बारा. मोजून मारले.

मला वाटलं, मी त्याला वाचवतोय.

खाडीतून तो सगळ्यात आधी वर आला. पिंढरीपर्यंत चिखल, तोंडभर हसू. मागचा माणूस दिसतही नव्हता.
मग वाळू लागली.

चाक कापत गेलं. तो पडला. उठला, पुन्हा पडला.
तिघे त्याच्या बाजूने निघून गेले.

संध्याकाळी आम्ही बंदरावर बसलो होतो. तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता.
"सकाळी बरोबर लागला होता रे. कसा चुकला?"

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

एवढंच म्हणालो.

पुढे त्याने सरावलीत सायकलचं दुकान टाकलं. पहिली वस्तू आणली ती हवेचं प्रेशर मोजायचं गेज. कारखान्यातले कामगार घाईत असायचे.
"अरे सेठ, अंगूठे से देख लो ना!"
"नाय भाई. अंगूठा फसाता है."

दर रविवारी त्या दुकानात बसून मी त्याचा चहा प्यायलो. हे वाक्य कितीदा ऐकलं. प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, इतक्या वर्षांनी कशाला?
तो पुन्हा कधी कुठल्या रेसमध्ये उतरला नाही.

आज सकाळी वहिनी म्हणाल्या, "भावजी, आपला सुहास त्याच्या बाबाच्याच सायकलवरनं अस्थी नेतो म्हणतो, वाळूवरनं, समुद्रापर्यंत. जरा हवा बगा."

गेज खिळ्याला टांगलेलं होतं. मी घेतलं नाही.
अंगठ्याने टायर दाबले. कडक होते.

व्हॉल्व्ह सैल केला. हवा सुटताना मी मनात मोजत होतो. बारापर्यंत.
पुढचा. मग मागचा.

सुहास छातीशी मडकं धरून, एका हाताने सायकल चालवत वाळूवरून गेला.
चाक कुठेच रुतलं नाही.

जयवंता, तुझा अंगठा बरोबर होता रे.
पहिल्यापासून बरोबर होता.

हे तुझ्यासमोर बोलायचं होतं. माफ कर, मित्रा.
शेवटचा नमस्कार.