राजारामकाकांची पिपाणी

राजारामकाका फोनवर नागपूरशी बोलायला लागले की आमच्या बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांना ऐकू जायचं. सगळी नोकरी त्यांनी नागपूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढलेली. माईक बिघडला तरी अमरावतीची गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते नुसत्या गळ्यावर सांगायचो, असं म्हणायचे. अमेरिकेतल्या कॅरीसारख्या गावात, जिथे कुत्रीसुद्धा हळू भुंकतात, तिथे हा आवाज म्हणजे कहरच होता. मला मात्र तो आवडायचा.

त्यांचा मुलगा प्रसाद आणि सून नीलांबरी आमच्या समोरच्या दारात राहायचे. दोघंही आयटीत, दोघंही सकाळी गाडी काढून ऑफिसला जाणारे. मी तेव्हा एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेली. काम करायची परवानगी नाही, म्हणून एम.एस्सी. होऊन दिवसभर घरात. त्यामुळे माझं डोकं बारा महिने तापलेलं असायचं आणि बोलायला मिळालेलं माणूस मी सोडत नसे. २००८च्या वसंतात काका आले ते नातू सांभाळायला. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. नीलांबरीची रजा संपत आली होती आणि एवढ्याशा ईशानला डे-केअरमध्ये ठेवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

एकच अडचण होती. काका सिगरेट ओढायचे, तीसुद्धा तरुणपणापासून. नीलांबरीने ते यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की सिगरेट ओढणाऱ्याच्या हातात बाळ द्यायचं नाही, डॉक्टरांनीच बजावलंय. काकांनी कबूल केलं आणि आठवड्याभरात पार्किंगमधल्या कचराकुंडीमागे उभे राहून ओढताना मला दिसले. नीलांबरीला ते शर्टाच्या वासावरून कळलं. ती भांडली नाही. तिने फक्त त्यांच्या मांडीवरून ईशानला उचललं आणि आत नेलं. काका कितीतरी वेळ तशीच मांडी घालून बसून राहिले. अर्धी पृथ्वी ओलांडून माणूस ज्यासाठी आला, तेच असं उचलून नेलेलं बघणं मला सहन होईना.

मग प्रसादने तोडगा काढला. इंटरनेटवरून त्याने इलेक्ट्रॉनिक सिगरेट मागवली. तेव्हा ती नवीनच आली होती, आमच्यापैकी कोणी पाहिलीही नव्हती. पांढरी, सिगरेटएवढीच, टोकाला लाल दिवा. ओढली की दिवा पेटायचा आणि तोंडातून वाफ निघायची. आत एक बारीक बॅटरीची नळी होती, ती फिरवून काढायची आणि चार्जरमध्ये बसवायची. डब्यात अशा दोन नळ्या होत्या. काकांनी तिचं नाव ठेवलं पिपाणी. बिनधुराची, बिनआगीची म्हणून नीलांबरीने परवानगी दिली, आणि ईशान पुन्हा काकांच्या मांडीवर आला. प्रसादला या वस्तूची एवढी माहिती कशी, हे नीलांबरीने विचारलं नाही. तो स्वतः ऑफिसच्या मागे उभा राहून ओढतो, हे तिच्याखेरीज आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढचे दोन महिने आमच्या मराठी मंडळींना दुसरा विषयच नव्हता. पॉटलकचं जेवण असो की वाढदिवस, काकांची पिपाणी हातोहात फिरायची. वाफेत काय असतं, ती बाळाला बाधते का, देवघरासमोर ओढली तर चालेल का, यावर पुणे-मुंबई-नागपूर अशा फळ्या पडून वाद व्हायचे. मीही माझी एम.एस्सी. पणाला लावून भांडले. वाफेवर सगळे बोलले. नळीवर कोणी बोललं नाही.

एकटे काका बोलायचे. बरोबर आलेला चार्जर हळू चालतो म्हणून प्रसादने त्यांना घरातला दुसरा काढून दिला होता. आमच्या सगळ्यांच्या घरी एक खण असतो. जुने फोन, कॅमेरे, राउटर मरून जातात, पण त्यांचे चार्जर आपण टाकत नाही. पिन बसली की तो चार्जर चालतो, असा आपला हिशेब. त्या खणातला चार्जर जोडला की पिपाणी भरभर चार्ज व्हायची आणि चांगली गरम व्हायची. काका ती माझ्या हातावर ठेवून म्हणायचे, बघ, किती तापून राहिली बाप्पा. प्रसादला त्यांनी सांगितलं तेव्हा तो हसला. चार्ज होताना सगळंच तापतं बाबा, माझा लॅपटॉप नाही तापत का, म्हणाला. त्यांच्या खोलीत मोकळा प्लग एकच, पलंगाच्या उशाशी. त्यामुळे पिपाणी नागपूरहून आणलेल्या गोधडीवर पडून चार्ज व्हायची.

आता त्या शॉवर कॅपचं सांगते, कारण तिच्याशिवाय हे पुरं होत नाही. इथल्या लाकडी घरांत छताला स्मोक अलार्म असतो. आपली फोडणी पडली की तो किंचाळतो, शेजारी दार उघडून बघतात, कधी बंबही येतो, आणि मान खाली घालून ‘नो फायर, ओन्ली कुकिंग’ म्हणावं लागतं. म्हणून प्रत्येक देशी घरात कोणीतरी खुर्चीवर चढून अलार्मला हॉटेलातली प्लॅस्टिकची शॉवर कॅप घालतं आणि स्वयंपाक झाला की काढतं. आम्हाला आगीची भीती नव्हती, अलार्मची होती. पिपाणीच्या वाफेनेही अलार्म वाजतो असं कोणीतरी प्रसादला सांगितलं. तेव्हापासून समोरच्या घरातली टोपी अलार्मवरून उतरलीच नाही.

जुलैतली दुपार होती. मी जिन्यातल्या मोकळ्या जागेत कपडे वाळत घालत होते, जे इथल्या नियमात बसत नाही आणि म्हणूनच मी करते. एवढ्यात वरच्या मजल्यावर कांचनच्या घरातला अलार्म वाजायला लागला. कांचन नव्यानेच लग्न होऊन आलेली, स्वयंपाक शिकत होती, आणि तिचा अलार्म आठवड्यातून दोनदा वाजायचाच. काका बनियनवर बाहेर आले आणि त्यांनी दार मागे लोटून घेतलं.

म्हणाले, ईशानला आत्ताच झोपवलं, हिच्या अलार्मने उठेल. मी म्हटलं, आज मोहरी जळली की जिरं, लावा पैज. काका मोठ्याने हसले. मग त्यांनी कंट्रोलरचा आवाज लावून वर बघत घोषणा केली की कांचनबाईंची फोडणी काही मिनिटं उशिराने धावत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. मी हसून हसून कठड्याला टेकले. वर अलार्म वाजतच होता. काका सांगत होते की आता ईशान त्यांचा आवाज ओळखतो, हाक मारली की मान वळवतो.

खालच्या पार्किंगमधून कांचन वर आली. खांद्याला पर्स, हातात गाडीची किल्ली.

“माझाच वाजतोय का?” तिने विचारलं. “मी तर सकाळपासून घरी नाहीये.”

मग काकांनी वळून स्वतःचं दार ढकललं आणि आतून काळा धूर आमच्या अंगावर आला. सिगरेटच्या सवयीने ते खोलीची खिडकी सदा उघडी ठेवत. धूर त्या खिडकीतून निघून कांचनच्या खिडकीत शिरला होता, म्हणून तिचा अलार्म ओरडत होता. ज्या घरात आग होती तिथला अलार्म टोपी घालून गप्प होता.

“वीणा, पोरगा!” काका ओरडले. तो त्यांचा शेवटचा मोठा आवाज.

मी तोंडाला ओला टॉवेल धरून प्रसादच्या खोलीत गेले आणि पाळण्यातून ईशानला उचललं. तो जागा होता, खोकत होता. बाहेर पडताना बघितलं, तर काका जळती गोधडी दोन्ही हातांत गोळा करून बाथरूमकडे ओढत होते. त्यांनी ती टबात टाकली आणि वरून शॉवर सोडला. बंब आला तोवर आग विझली होती. पलंग आणि भिंत जळाली होती, काकांचे दोन्ही तळवे भाजले होते, आणि धुराने त्यांचा घसा असा धरला होता की शब्द फुटत नव्हता. ईशानला काही झालं नाही.

बंबावरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, घरात कोणी सिगरेट ओढतं का. नीलांबरी नुकतीच धावत येऊन पोहोचली होती, ईशानला छातीशी घट्ट धरून उभी होती. ती म्हणाली, हो, सासरे. तो माणूस मान हलवून पुढे गेला. झालं. त्यानंतर दुसरा प्रश्न कोणालाच पडला नाही. पिपाणीवर ज्यांनी दोन महिने वाद घातला, त्या सगळ्यांचं एकमत झालं की काकांनी पलंगावर पडून चोरून खरी सिगरेट ओढली आणि बाळ झोपलं असताना ती तशीच टाकून बाहेर आले.

काकांना तिसऱ्या दिवशी कपाटाखाली ती नळी सापडली. मधोमध फाटलेली, आतून काळी. बँडेज बांधलेल्या हाताने त्यांनी ती प्रसादपुढे ठेवली. प्रसाद म्हणाला, आगीत सापडली म्हणून फुटली. मी मध्ये पडले. काका माझ्याबरोबर जिन्यात होते, त्यांच्या अंगाला सिगरेटचा वाससुद्धा नव्हता, असं मी चांगल्या तार स्वरात सांगितलं.

“वीणा, तू दारात होतीस, आत नव्हतीस,” प्रसाद शांतपणे म्हणाला. “एवढ्याशा बॅटरीने घर पेटतं का? सिगरेटनेच पेटतं.”

“मी ओढली नाही रे,” काका म्हणाले. आवाज म्हणजे नुसती हवा. पुढे सरकल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं, आणि कोणी पुढे सरकलं नाही.

मग काकांनी पिपाणीही सोडतो म्हणून सांगितलं. उलट तेच त्यांच्या अंगाशी आलं. पिपाणी नको म्हणजे यांची खरी सिगरेट चालू आहे, असा नीलांबरीने अर्थ काढला. शेवटी असं ठरलं की काकांनी डब्यातली दुसरी नळी वापरायची, घरातच, सगळ्यांसमोर. ती ओढताना दिसली की ईशान मिळेल, नाहीतर तिकीट बदलून नागपूर.

ते सगळे त्याच कॉम्प्लेक्समधल्या दुसऱ्या घरात राहायला गेले. सप्टेंबरात मी तिथे गेले तेव्हा काका स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते. ओट्यावरच्या सिंकमध्ये स्टीलचं पातेलं, पातेल्यात चार्जरला लावलेली नळी आणि तिचा लाल दिवा. नळी चार्ज होईपर्यंत ते तिथून हलत नसत. प्रसादचे मित्र या पहाऱ्याची थट्टा करायचे. मी नळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चार्जर त्याच खणातला होता.

काकांनी ईशानला मांडीवर घेतलं होतं. तळव्यांची कातडी अजून गुलाबी आणि ताणलेली होती, म्हणून ते त्याला मनगटांनी धरत. त्यांनी पोराला हाक मारली, पण त्या हवेसारख्या आवाजाकडे त्याने मान वळवली नाही. मला रडू आलं आणि प्रसादचा असा राग आला की सांगता सोय नाही.

“मी आहे तोवर माझं लक्ष आहे,” काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले. “पुढल्या आठवड्यात मी जातो. आता प्रसादनं कबूल केलंय नीलांबरीजवळ, तोही सिगरेट सोडून राहिला. पिपाणी तो ठेवून घेणार आहे.”

मग त्यांनी ईशानला माझ्याकडे दिलं आणि मला खुर्ची धरायला सांगितली. चढून त्यांनी छतावरच्या अलार्मची शॉवर कॅप काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली. हिला नागपूरला घेऊन जातो, म्हणाले.

संध्याकाळी नीलांबरीने कढीला फोडणी दिली आणि अलार्म किंचाळला. प्रसादने सिंकखालचं कपाट उघडलं. ऑफिसच्या दौऱ्यांवरून आणलेल्या शॉवर कॅप्सनी एक अख्खा डबा भरलेला होता. त्याने त्यातली एक काढली आणि खुर्चीवर चढला.