काटेमास्तर आणि आईची कात्री

समोरच्या घड्याळजीने दुकानावर नवी पाटी लावली आणि त्याच दिवसापासून काटेमास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. ‘जुने स्पूल टेपरेकॉर्डर दुरुस्त करून मिळतील.’ पाटी धड सरळही टांगलेली नव्हती. मास्तरांनी ती खिडकीतून तीनदा वाचली आणि बायकोला म्हणाले, “मनगटी घड्याळं उघडणारा माणूस हा. उद्या विमानं दुरुस्त करीन म्हणेल.”

“करेलही,” बायको म्हणाली. “हात चांगला आहे त्याचा. माझं घड्याळ बघा, तीन वर्षं झाली, मिनिटभर मागे पडलेलं नाही.”

आता नवऱ्याच्या जखमेवर मीठ चोळायला बायकोइतकं जवळचं कोण असतं.

खरं सांगायचं तर हेवा हा मास्तरांचा मूळ स्वभाव नव्हे. रेडिओ केंद्राच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. तिथे लोकच यांचा हेवा करायचे. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं आणि माळ्यांवर पडलेली, उंदरांनी वायरी खाल्लेली मशीनं पुन्हा बोलती करायला घेतली. त्यांची रीत ठरलेली होती. टेप ज्याच्यावर घासत जाते तो बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा, म्हणजे हेड, तो टेपला काटकोनात उभा हवा. त्यासाठी केंद्रातून आणलेली, एकच अखंड सूर भरलेली टेस्ट टेप लावायची, हेडचा स्क्रू केसाकेसाने फिरवायचा, मीटरचा काटा सगळ्यात वर चढला की थांबायचं आणि स्क्रूवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा. थेंब वाळला की त्या स्क्रूला पुन्हा हात नाही. एका इंजिनिअरने एकदा असा थेंब खरवडला, तर मास्तरांनी त्याला पुढे वर्षभर पाण्यात पाहिलं. “माणूस चुकतो, काटा चुकत नाही,” असं ते येताजाता म्हणत. नाव त्यावरूनच पडलं.

घड्याळजीकडे ना मीटर, ना टेस्ट टेप. तो मशीन सुरू करायचा, डोळे मिटायचा, कान जवळ न्यायचा आणि म्हणायचा, “डावीकडचं बेअरिंग कोरडं आहे.” आणि ते असायचं. कानामागून आला आणि तिखट झाला. मास्तरांची दोन जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळली तेव्हा मास्तर दिवसभर जेवले नाहीत. पित्त झालंय, असं त्यांनी घरात सांगितलं.

पण जेवण गोड न लागण्याचं कारण वेगळंच होतं आणि ते फक्त मास्तरांना ठाऊक होतं. दोन वर्षांपासून त्यांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. किटलीची शिटी, फोनची पिपाणी, खिडकीतली चिमणी, सगळं एकेक करून गेलं. “वयाचं आहे,” डॉक्टर म्हणाले, “वरच्या पट्टीतलं जातं. लोकांचं बोलणं ऐकू येतंय ना, मग झालं तर.” झालं तर काय झालं तर? ज्याची सगळी अब्रू आवाजावर उभी, त्याने हे कोणाला सांगायचं? त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. काटा होता म्हणून झाकली मूठ राहिली होती. घड्याळजी डोळे मिटून कान लावायचा तेव्हा मास्तरांना त्याच्या पाटीचा नाही, गिऱ्हाइकांचा नाही, त्या कानाचा हेवा वाटायचा.

अशात एका मंगळवारी सकाळी त्यांची ताई पत्र्याचा चपटा डबा घेऊन आली. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. शनिवारी ती सातासमुद्रापार लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. घर आवरताना तिला हा डबा सापडला. आत टेपचं एक स्पूल आणि त्यावर मास्तरांच्याच पोरवयातल्या अक्षरात एक शब्द: आई.

आई शिवणकाम करायची. एकोणीस वर्षांचे असताना मास्तरांनी भंगारातून आपलं पहिलं मशीन जुळवलं होतं आणि माईक आईच्या टेबलाखाली लपवून ठेवला होता. ते मशीन कधीच मोडीत गेलं. आई जाऊनही तेवीस वर्षं झाली.

“हे माझ्या फोनमध्ये भरून दे,” ताई म्हणाली. “मला आईला बरोबर घेऊन जायचंय. दुसरं काही नेत नाही मी, दोन बॅगा आणि हे.”

मास्तरांनी टेप हलक्या हाताने गुंडाळून घेतली, हेड पुसलं आणि मशीन सुरू केलं. आई बोलू लागली. छाती चौतीस, बाही साडेआठ, खांदा उतरता ठेवायचा. “घे,” ते म्हणाले. “जशीच्या तशी.”

ताईने कपाळाला आठ्या घातल्या. “अरे, हे काय? रजई पांघरून बोलतेय का ती? शब्दही नीट लागत नाहीत.”

मास्तरांनी काट्याकडे पाहिलं. स्क्रूवरचा लाल थेंब शाबूत होता. मशीन सरळ होतं, म्हणजे खोट टेपमध्येच. “टेप मेलीय, ताई,” ते म्हणाले. “इतकी वर्षं पत्र्याच्या डब्यात, काय राहणार? याहून जास्त देवही काढू शकत नाही.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” ताई म्हणाली. लहानपणापासून ती हे म्हणत आली होती. पण या वेळी ती हसली नाही. तिने टेप डब्यात घातली, चपला घातल्या आणि सरळ रस्ता ओलांडून घड्याळजीच्या दुकानात शिरली.

सख्खी बहीण. आपल्या आईची टेप घेऊन. मास्तर पडद्याआड उभे राहिले. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्याच्याकडूनही होणार नाही, असं ते स्वतःला समजावत होते आणि आईची टेप खराबच निघावी अशी मनोमन प्रार्थना करत होते. हे लक्षात आलं तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण प्रार्थना काही थांबली नाही.

पाऊण तासाने ताई बाहेर आली, पदराने डोळे पुसत आणि हसत.

“कात्रीसुद्धा ऐकू येते रे,” ती दारातूनच म्हणाली. “आई मापं सांगते आणि मध्ये मध्ये कात्री चालते. कच, कच. मी विसरूनच गेले होते ती कात्री.”

त्या उपऱ्याने माझ्या आईची कात्री माझ्याआधी ऐकली, एवढंच मास्तरांच्या डोक्यात आलं.

“मग भरून घ्यायचं होतंस फोनमध्ये.”

“त्याच्या मशीनवर आवाज डुलतो. तोच म्हणाला, मोटरचा वेग एकसारखा धरावा तर तुमच्या भावानेच, माझ्याकडे तसं मशीन नाही. तिथेच भरा, फक्त हेडचा स्क्रू फिरवायला सांगा.”

मास्तर पायांत स्लीपर असतानाच रस्ता ओलांडून गेले. आजवर त्या दुकानाची पायरी ते चढले नव्हते.

“माझं हेड वाकडं आहे म्हणता?” त्यांनी आत शिरताच विचारलं.

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. “आज नाही हो. तेव्हा होतं. ताई सांगत होत्या, एकोणीस वर्षांच्या पोराने भंगारातलं मशीन जुळवलं, म्हणजे हेड नजरेच्या अंदाजाने बसवलेलं. टेप वाकड्या हेडवर भरली, ती सरळ हेडवर कशी मोकळी होईल? मी फिरवत गेलो आणि आवाज उघडला तिथे थांबलो. तुमचं मशीन चोख आहे, मास्तर. चोख आहे म्हणूनच वाजत नाही.”

एवढी साधी गोष्ट. केंद्रात बाहेरून आलेल्या वाकड्या टेपा, त्यांच्यासाठीच थेंबाविना ठेवलेल्या एका मशीनवर, मास्तरांनीच शेकड्याने अशा वाजवल्या होत्या, पण तेव्हा कान होते.

“पण तुम्हाला ऐकताना कळलं नाही?” घड्याळजीने विचारलं. त्याच्या मनात खोट नव्हती, सहज विचारलं त्याने. मग त्याने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो हातातलं भिंग उगाचच पुसत राहिला. “मी येऊ का?” तो हळूच म्हणाला.

“नको,” मास्तर म्हणाले. त्याची ही माया तर त्याच्या कानापेक्षाही जास्त झोंबली.

घरी येऊन त्यांनी टेप लावली. ताई समोर स्टुलावर बसली. मास्तरांनी ब्लेडच्या टोकाने लाल थेंब खरवडला. आयुष्यात पहिल्यांदा. स्क्रूड्रायव्हर लावला आणि केसाएवढा फिरवला. आई बोलत होती, छाती चौतीस, बाही साडेआठ. आणखी फिरवला. मास्तरांना काही फरक कळेना. सवयीने त्यांनी काट्याकडे पाहिलं. काटा आईच्या बोलण्यावर नुसता वरखाली नाचत होता. तिथे टेस्ट टेपचा अखंड सूर नव्हता, त्यामुळे कुठे थांबायचं हे तो काही सांगेना. घड्याळजीला हाक मारावी, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. जीभ उचलली नाही.

मग त्यांनी ताईकडे पाहिलं.

तिच्या कपाळाला आठ्या होत्या. मास्तरांनी नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवली आणि स्क्रू हळूहळू फिरवत गेले. एक आठी गेली. भुवया सैल झाल्या. ओठ उघडले, डोळे भरले. मास्तर अजून जरा पुढे गेले तशी आठी परत आली, म्हणून ते तेवढंच मागे आले आणि थांबले.

“हां,” ताई म्हणाली. “हीच. ही आई. ऐकलीस ना कात्री?”

हो म्हणणं सोपं होतं. दोन वर्षं ते हेच करत आले होते. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातातलं फडकं तसंच धरून ऐकत उभी होती. तिलाही कात्री ऐकू येत होती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. घड्याळजीने ऐकली, ताईने ऐकली, बायकोनेही ऐकली. माईक लावला होता कोणी?

“नाही,” मास्तर म्हणाले. “मला नाही ऐकू येत, ताई. बारीक आवाज गेले माझे.”

दारातलं फडकं खाली पडलं. ताई स्टूल ओढून जवळ आली, मास्तरांचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला आणि टेप पहिल्यापासून लावायला सांगितली.

आई मापं सांगू लागली आणि ताई बोटाने त्यांच्या मनगटावर टिचक्या देऊ लागली. एक. जरा थांबून दोन. मग भरभर चार-पाच, लांब कापड कापतात तशा. मास्तर डोळे मिटून मोजत होते. तिच्या कानांचा त्यांना इतका हेवा वाटत होता की रडू आवरेना, आणि हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही.