आसराबाईनं सुरुंग अडवला तो दिवस

वडीगोद्रीपासून चार मैलांवर आमची वस्ती. वस्तीमागं खडकाळ माळ आहे. आमची मेंढरं तिथं चरतात. आमची जुनी माणसं तिथंच मातीत गेली, त्यांच्या नावाचे शेंदूर लावलेले दगड माथ्यावर उभे आहेत. माझी चुलती आसराबाई लग्न होऊन आली तेव्हापासून रोज हा माळ चढायची.

१९९३च्या दिवाळीनंतर एका ठेकेदारानं तिथं यंत्र आणलं. रस्त्याच्या खडीसाठी दगड फोडायचा होता. सरकारी परवाना आहे, असं त्याची माणसं सांगत. महिन्याभरात उताराचा लचका गेला. सुरुंगाच्या आवाजानं मेंढ्या गाभडू लागल्या, पोटातली पिल्लं पडू लागली. एके सकाळी माझे चुलते, आसराबाईचे मालक आबाराव, यंत्रापुढं जाऊन उभे राहिले. ठेकेदाराच्या माणसांनी त्यांना लोखंडी सळईनं मारलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, डोकं फुटलं. टेम्पोत घालून जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा ते बोलत नव्हते.

पाचव्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. मग आसराबाई दिराला त्यांच्यापाशी बसवून वस्तीवर आली. मारणाऱ्यांपैकी दोघांना पोलिसांनी धरलं होतं, ते सुटलेही होते. सरपंचानं मिटवून घ्यायचा सल्ला दिला. तिनं ऐकून घेतलं आणि सासऱ्याची पत्र्याची पेटी उघडली. आत निजामाच्या वेळचा उर्दूतला कागद होता. आमच्यात तो कुणालाच वाचता येत नव्हता, म्हणून ती अंबडला अण्णासाहेबांकडे गेली. ते निवृत्त पटवारी, शाळा उर्दूत झालेली. भिंग धरून त्यांनी दोनदा वाचलं. माळाचा सर्व्हे नंबर एकशे बारा, वस्तीच्या मेंढरांच्या चराईला राखलेला, खोदायला मनाई. मग त्यांनीच तहसीलमध्ये जाऊन ठेकेदाराच्या परवान्याची नक्कल काढली. परवाना होता एकशे वीस नंबरचा, ओढ्यापलीकडच्या जमिनीचा.

दोन्ही कागद पाहून तहसीलदारांनी गुरुवारी मोजणी ठेवली. ही खबर ठेकेदारालाही गेली. बुधवारी त्याच्या माणसांनी माथ्याभोवती ओळीनं भोकं पाडून सुरुंग भरले. मोजणीवाले यायच्या आधी माथाच उडवायचा बेत दिसत होता.

गुरुवारी उजाडताच आसराबाई जावेला, सुगंधाबाईला म्हणाली, "सगळ्या वाड्यांतली मेंढरं सोडा. माथ्यावर घ्या."

चारशेच्या आसपास मेंढरं माथ्यावर चढली. मागून बाया गेल्या. आसराबाईनं एका भोकावर घोंगडी टाकली आणि वर बसली. ठेकेदाराचा मुकादम शिव्या देत आला. बत्ती लावली तर तुझं काय उरंल, असं त्यानं विचारलं.

"मोजणी होईस्तोवर मी हालत न्हाई," ती म्हणाली. "आमची माणसं झोपलीत इथं. तुला उडवायचं आसंल तर मला धरून उडव."

मुकादमानं सुरुंगवाल्याला, मच्छिंद्रला, हाक मारली. तो शेजारच्या गावचा गडी. त्यानं बायांकडं पाह्यलं, मेंढरांकडं पाह्यलं, आणि वायर गुंडाळायला लागला. "माझ्यानं न्हाई व्हायचं," एवढंच बोलून तो खाली उतरला. मुकादमाला बत्ती लावता येत नव्हती.

दुपारी तहसीलदारांची जीप आली. साखळी धरून दोन तास मोजणी चालली. शेवटी तहसीलदार आसराबाईपाशी आले आणि म्हणाले, "बाई, हे एकशे बारा आहे. काम आजपासून बंद."

तिनं त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग उठायला गेली तर पाय बधिर झालेले. सुगंधाबाईनं ओढून उभं केलं, तशी दोघी एकमेकींच्या अंगावर कलंडल्या आणि हसत सुटल्या. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली होती. संध्याकाळच्या आत यंत्र खाली गेलं.

मारहाणीचा खटला पुढं सहा वर्षं चालला, शिक्षा एकालाच झाली. चुलत्याचा हात वाकडाच राहिला, फोडलेला उतारही तसाच आहे. पण माळावर परत कुणी सुरुंग आणला नाही.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती जालन्याला गेली. आबारावांना सगळं सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं तिचा हात धरला आणि विचारलं, "गाभण मेंढ्या बऱ्या हाइत ना?" बऱ्या आहेत, असं ती म्हणाली. मग खाटेखाली पदर अंथरून आडवी झाली. झाडूवाली बाई दोनदा हाक मारून गेली, तरी तिला जाग आली नाही.